वीस नंबरचा पाय

“रॉम मेलीय काका, सहाही मशीनची. तुम्ही फक्त नव्या चिप भरून द्या.”

रेणुका शेवाळे हे सांगत होती तेव्हा तिच्या पहिल्या मशीनचं झाकण मी उघडलेलं होतं आणि भिंगाचा दिवा चिपवर धरला होता. चिपला अठ्ठावीस पाय होते. सत्तावीस काळवंडलेले. वीस नंबरचा एकटा पाय पिवळसर चमकत होता.

मी दिवा बंद केला आणि तिला विचारलं, “चहा घेणार?”

“काका, आत्ता तर झाला आपला.”

खरंच झाला होता. दोघांचे कप समोरच होते.

मोहालीच्या इंडस्ट्रियल एरियात माझं बोर्ड दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. कारखान्यातल्या मशीनचे कंट्रोल बोर्ड, लिफ्टचे बोर्ड, यूपीएस, असलं काम. मी मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगावचा. इकडे येऊन तीस वर्षं होऊन गेली. रेणुका नाशिकची. इथल्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, एयरोसिटीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. गणपतीच्या ग्रुपवर तिने विचारलं होतं, जुनं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारं कोणी आहे का, आणि कोणीतरी माझा नंबर टाकला.

तिचा छंद म्हणजे जुने घरगुती कॉम्प्युटर. आजच्या वाचकांनी हे पाहिलेले नसतील म्हणून सांगतो. तेव्हा कीबोर्ड हाच कॉम्प्युटर असायचा. मागून एक वायर घरातल्या टीव्हीला, दुसरी टेपरेकॉर्डरला. प्रोग्रॅम गाण्यांच्या कॅसेटवर साठवायचे. आज फोनमध्ये काढलेला एक फोटो त्याच्या अख्ख्या मेमरीत मावणार नाही. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी जागी होते ती रॉम नावाची चिप. कंपनीने तिच्यात कायमचं लिहून ठेवलेलं असतं की अक्षर कसं काढायचं, बटण कसं ओळखायचं. रॉम गप्प बसली तर टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या येतात, बाकी काही नाही.

आणि रॉमने कधी बोलायचं ते ठरतं वीस नंबरच्या पायावर. इथले कारागीर त्याला टांग म्हणतात, मी पाय म्हणतो. त्या पायावर हुकूम आला की चिप बोलते. नाही आला तर नाही.

“मी एक चिप काढून रीडरवर वाचली,” रेणुका म्हणाली. “नुसता कचरा आला. नेटवरच्या ग्रुपवर सगळे म्हणाले, मेली. पण सहाच्या सहा एकदम? यार, असं कसं होईल?”

“मिळाली कुठे ही?”

“सेक्टर चव्वेचाळीसमध्ये एक अंकल आहेत. सोढी अंकल. मुलीकडे कॅनडाला चाललेत, कायमचे. घर रिकामं करतायत. मी त्यांची जाहिरात बघून पुस्तकांचं शेल्फ घ्यायला गेले होते. माळ्यावर हे खोके दिसले.” तिने मशीन उलटं केलं. “आणि हे बघा ना. सगळ्यांवर आहे.”

खाली पांढऱ्या रंगात एक स्टॉक नंबर होता. त्याच्या शेजारी कागदाचं लेबल चिकटवलेलं, शाई फिकट झालेली, अक्षर सुबक.

*मेरी बनाई सप्लाई से जला. – सोढी*

स्टॉक नंबर माझ्या हाताने रंगवलेला होता. लेबल मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“दोन दिवस ठेवून जा,” मी म्हणालो. “बघतो.”

हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. आता लिहितोय तर नीट सांगतो.

तीस वर्षांपूर्वी मी चंदीगडमधल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ज्युनियर इंजिनियर होतो. नाव देत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. सोढी सर तिथे गणित शिकवायचे. इलेक्ट्रॉनिक्स त्यांचा विषय नव्हता, वेड होतं. संस्थेकडे त्याच्याही दहा वर्षं आधी घेतलेले सहा घरगुती कॉम्प्युटर कपाटात पडून होते. सरांनी ते बाहेर काढले, सहा जुने ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जमवले आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी रविवारचा क्लब सुरू केला. कंपनीचे अडॅप्टर एकेक करून जळाले होते, म्हणून सरांनी स्वतः एक मोठी पॉवर सप्लाय बांधली. लोखंडी पेटी, आत ट्रान्सफॉर्मर, बाहेर सहा वायरी. एका खटक्यात सहाही मशीन चालू. ती पेटी त्यांनी हिरव्या रंगात रंगवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मी पंचवीस वर्षांचा, एकटा, कोणाची भाषा धड येत नाही. रविवारी कुठे जाणार? क्लबमध्ये जायचो.

हिवाळ्यात दहा वाजले तरी धुकं हटलेलं नसायचं. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, म्हणजे टीव्ही दिसतो. मुलं स्वेटरवर स्वेटर घालून, एकेका मशीनपुढे तीन-तीन. एकाने मासिकातला प्रोग्रॅम वाचायचा, दुसऱ्याने टाइप करायचा, तिसऱ्याने चुका धरायच्या. मग कॅसेट लावायची. फॅक्ससारखा तो किरकिरा आवाज पाच-पाच मिनिटं चालायचा आणि खोलीत कोणी बोलायचं नाही. बोललं तर प्रोग्रॅम बिघडेल अशी मुलांची समजूत होती. बिघडत नसतो. सरांनाही माहीत होतं. पण तेही बोलायचे नाहीत. आवाज थांबला, आणि पडद्यावर एक ठिपका डावीकडून उजवीकडे गेला, की सगळी खोली ओरडायची. मीही. ठिपका होता हो, एक ठिपका.

त्यानंतर मी पुष्कळ नवीन यंत्रं पाहिली. त्या आवाजात जी धडधड होती ती मला पुन्हा मिळाली नाही. परवा माझ्या मुलाचा नवा लॅपटॉप आला. बॉक्स दोन दिवस टेबलावर तसाच. मी म्हटलं, अरे उघड की. तो म्हणाला, “पापा, खोल लूँगा ना, जल्दी क्या है.”

तर, त्याच वर्षी संस्थेला नवे पेंटियम कॉम्प्युटर मंजूर व्हायचे होते. फाइल वरून परत आली. शेरा असा, की स्टॉक रजिस्टरवर सहा कॉम्प्युटर चालू स्थितीत आहेत, मग नवे कशाला?

सरकारी कामाची एक रीत सांगतो. जुनी वस्तू रजिस्टरवरून काढायची तर ती कंडेम करावी लागते. तीन माणसांचं बोर्ड बसतं, वस्तू पाहतं, आणि इंजिनियर फॉर्म भरतो. फॉर्मवर एक रकाना असतो, निकामी होण्याचं कारण. कारण भरलं, सह्या झाल्या, की वस्तू लिलावात जाते आणि नव्याची वाट मोकळी होते.

आमचे सुपरिंटेंडेंट आहुजा साहेब शुक्रवारी माझ्या टेबलाशी आले.

“शिंगटे, मंगलवार को बोर्ड है.”

“सर, वो छहों चलते हैं.”

“मुझे पता है चलते हैं. चालू चीज कंडेम नहीं होती. यही तो मुसीबत है.” निघताना म्हणाले, “इंजीनियर तुम हो. देख लो.”

ते एवढंच म्हणाले. मोडून टाक असं म्हणाले नाहीत. मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो की साहेबांनी करायला लावलं. त्यांनी लावलं नाही. नोकरी जाण्याची भीती होती, असंही नाही. मला पेंटियम हवा होता. पंधरा दिवस मी त्याचं ब्रोशर उशाशी घेऊन झोपत होतो. रंगीत पडदा, आतून आवाज, सीडी. सरांच्या ठिपक्यांच्या खोलीत मी ज्या ओढीने ओरडलो होतो, त्याच ओढीने मला ती खोली आता जुनाट वाटायला लागली होती. हे मला तेव्हाही समजत होतं.

शनिवारी दुपारी संस्था सुटल्यावर मी क्लबची खोली उघडली. हातोडा घालायला मन झालं नाही. वर्कशॉपमध्ये नेलपॉलिश असतंच. बोर्डावरचे बारीक स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर एक थेंब लावायची पद्धत आहे. मी बिनरंगाची बाटली घेतली. एकेक रॉम सॉकेटमधून उपसली, वीस नंबरच्या पायाला दोन हात दिले, वाळू दिलं, पुन्हा बसवली. नेलपॉलिशमधून वीज जात नाही. चिप दिसायला जागच्या जागी, पण हुकूम पोचत नाही. सहा मशीनला दीड तास लागला.

मनात असं होतं की बोर्ड झाल्यावर कधीतरी पुसून टाकू. म्हणून तर नेलपॉलिश.

रविवारी मी मुद्दाम गेलो. नसतो गेलो तर संशय आला असता, असं डोकं मी तेव्हा चालवलं होतं. सरांनी हिरव्या पेटीचा खटका दाबला आणि सहाही टीव्हींवर उभ्या पट्ट्या आल्या. अठरा मुलं गप्प बसून बघत होती. त्यांना वाटलं, हा नवीन प्रोग्रॅम आहे.

सरांनी बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग मीटर आणून सप्लाय मोजली. या मशीनना पाच व्होल्ट लागतात. मीटरवर बरोबर पाच.

“ओए मराठे,” ते म्हणाले. मला ते हीच हाक मारायचे. “पाँच तो आ रहा है. फिर क्या हुआ?”

मीटरवर पाच दिसत होतं म्हणजे आता ते झाकणं उघडणार होते. चिप काढून पाहणार होते. मी म्हणालो, “सर, सप्लाय से स्पाइक आया होगा. एक पल का झटका. मीटर में नहीं दिखता. पर चिप जल जाती है.”

यात तांत्रिक चूक काही नाही. असं होऊ शकतं. म्हणूनच ते त्यांना खोडता आलं नाही.

सरांनी हिरव्या पेटीवर हात ठेवला. ट्रान्सफॉर्मर थोडा गरम होताच, नेहमी व्हायचा. “मैंने बनाई,” ते म्हणाले. मुलांकडे वळून म्हणाले, “घर जाओ पुत्तर. आज सर से गलती हो गई.”

मंगळवारी बोर्ड बसलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ओव्हरव्होल्टेजमुळे जळून निकामी. तीन सह्या झाल्या. त्याच आठवड्यात सर माझ्याकडे आले, खिशातून सोल्डरिंग आयर्न काढली, लाकडी मुठीची, मुठीवर त्यांनी चाकूने एस कोरलेला. “तू रख. मेरे हाथ में नहीं रहनी चाहिए.” मी घेतली. ती अजून माझ्या टेबलावर आहे. कारखान्यांचे कित्येक बोर्ड मी तिने जिवंत केले.

मशीन लिलावात गेली ती सरांनीच घेतली, हे मला रेणुकाकडून समजलं. मी पुसायला कधीच गेलो नाही.

आणि पेंटियम? आले. मला वाटलं होतं मुलं आता त्यांच्यावर येतील. त्यांना एसीची खोली मिळाली, दारावर कुलूप, आत जायला सही, चपला बाहेर. पडद्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं. दोन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बाकीच्यांवर पत्रं टाइप व्हायची. रविवारी खोली बंद.

तर रेणुका मशीन ठेवून गेली त्या दोन दिवसांत मी काय केलं, तेही सांगतो. मी नवीन चिप भरायला घेतली. तसं अवघड नाही. कोऱ्या चिपमध्ये जुना मजकूर भरायचा, सॉकेटला जुळवून घ्यायचं, झालं. सहा नव्या रॉम बसवल्या असत्या तर मशीन चालली असती, रेणुका खूश झाली असती, आणि वीस नंबरचा पाय जुन्या चिपबरोबर माझ्या कचऱ्याच्या डब्यात गेला असता. पहिली चिप भरून तयारही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“काका, काही होतंय का? म्हणजे घाई नाही. अंकलशी बोलले मी आत्ता. म्हटलं, चालू झाली तर व्हिडिओ पाठवते तुम्हाला. तर म्हणाले, नको पाठवू.”

“का?”

“म्हणाले, ‘मैंने मारी थीं बेटा, मेरे सामने मत चलाना.’ किती वर्षं झाली काका, आणि माणूस अजून...” ती थांबली. “मला जरा कसंतरीच झालं. मी रोज ऑफिसमध्ये नवनवीन व्हर्जन टेस्ट करते ना, एकदाही छातीत धडधडलं नाही. आणि हे आजोबा एका मशीनसाठी असे.”

“संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ये,” मी म्हणालो.

ती साडेसहाला आली. हेल्मेट स्टुलावर ठेवलं. मी मशीन तिच्यासमोर उघडलं, रॉम उपसली, थिनरमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून वीस नंबरच्या पायावर फिरवला. कापूस पिवळा झाला. चिप बसवली, टीव्ही जोडला, खटका दाबला.

पडद्यावर कंपनीच्या नावाची ओळ आली आणि खाली कर्सर.

रेणुकाने दोन्ही हात तोंडावर नेले. मग काढले. ती टेस्टर आहे, तिचं लक्ष कुठे जायचं तिथे गेलंच.

“तुम्ही चिप बदलली नाहीत.”

“नाही.”

“मग काय पुसलंत?”

मी सांगितलं. वर जे लिहिलंय तेच, याच क्रमाने. माझं झाल्यावर तिने टेबलावरची नवी भरलेली चिप उचलून उलटीसुलटी पाहिली.

“ही मला बसवून देणार होतात.”

“हो.”

“पक्का?”

“काल पक्का.”

ती चिप तिने खाली ठेवली. हेल्मेट उचललं. “अंकलची रविवारची फ्लाइट आहे,” ती म्हणाली. “मी त्यांना काही सांगणार नाही. ते तुमचं काम. मी फक्त मशीन घेऊन तुमच्याबरोबर येईन, कारण ती मशीन माझी आहेत आता.” दारात वळून म्हणाली, “आणि मला काका म्हणायला थोडे दिवस जड जाणार आहे.”

बाकीची पाच मशीन मी त्याच आठवड्यात पुसली. चार चालली. सहावं नाही चाललं. त्याचा पाय साफ होता, तरी पडदा कोरा. पट्ट्यासुद्धा नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही सेक्टर चव्वेचाळीसला गेलो. घरात खोकीच खोकी. सर शहात्तर-सत्याहत्तरचे असतील, दाढी पूर्ण पांढरी, पण पाठ ताठ. मला त्यांनी दारातच ओळखलं.

“ओए मराठे. मोटा हो गया.”

“सर.”

“बैठ. कहाँ बैठेगा, कुर्सियाँ तो बेच दीं. खोके पे बैठ.”

रेणुकाने मशीन पिशवीतून काढून जमिनीवर ठेवलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. “बेटा, मैंने कहा था ना.”

“सर,” मी म्हणालो, “सप्लाय ठीक थी.”

मी पुढचं सगळं हिंदीत सांगितलं. माझी हिंदी आता चांगली आहे, पण त्या दिवशी पंचवीस वर्षांच्या मुलासारखी अडखळत होती. नेलपॉलिश शब्दावर सरांनी माझ्याकडे पाहिलं. स्पाइकवर आलो तेव्हा ते उठले आणि आत गेले.

मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. रेणुका जमिनीकडे बघत होती. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि सर बाहेर आले. हातात हिरवी पेटी. ती त्यांनी विकली नव्हती, दिली नव्हती. कॅनडाला तर नेणार नव्हते. बहुतेक मागे टाकून जाणार होते.

“मीटर लाया है?”

मीटर माझ्या खिशात असतोच. त्यांनी स्वतः प्लग लावला, खटका दाबला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. मी मीटरच्या वायरींची टोकं लावली. मीटर त्यांच्या बाजूला वळवून धरला.

पाच. जरा वर, पॉइंट शून्य दोनने.

सर ते आकडे बराच वेळ वाचत राहिले.

“उस दिन भी पाँच था,” ते म्हणाले. “मैंने मीटर की नहीं मानी. तेरी मानी.”



त्यांनी खटका बंद केला. समोरच्या खोक्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “अठरा बच्चे थे. उसके बाद मैंने किसी बच्चे के सामने तार नहीं छुई. समझ रहा है?”

“जी.”

“नहीं समझ रहा. चल, छोड़.” मग एकदम विचारलं, “एक बात बता. वो पेंटियम. मज़ा आया था?”

खोटं बोलायची सवय इतकी असते, की माझ्या तोंडात आधी ‘बहुत’ आलं होतं.

“दो दिन, सर,” मी म्हणालो.

“दो दिन.” त्यांनी मान हलवली. “चल, दो दिन तो आया.”

मग ते रेणुकाला म्हणाले, “लगा बेटा. इसी सप्लाई पे लगा.” टीव्ही विकलेला होता. रेणुकाने बॅगेतून छोटा मॉनिटर काढला. ती आणणार हे मला माहीत नव्हतं. हिरव्या पेटीचा खटका सरांनीच दाबला. ओळ आली, कर्सर आला. सरांनी दोन बोटांनी टाइप केलं, चष्मा नाकावर सरकवून, मासिकाशिवाय, पाठ. चार ओळी. ठिपका डावीकडून उजवीकडे गेला.

कोणी ओरडलं नाही. कॅसेट नव्हती, तो आवाजही नव्हता. सरांनी तो ठिपका तीन वेळा चालवला. तिसऱ्या वेळी रेणुका हळूच म्हणाली, “अंकल, मैं करूँ?”

“कर. गलती करना, फिर मज़ा आएगा.”

मी पिशवीतून सोल्डरिंग आयर्न काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मुठीवरचा एस अंगठ्याने चाचपला आणि परत दिली. “वहाँ एक सौ दस वोल्ट है. ये नहीं चलेगी.” हिरव्या पेटीकडे पाहून म्हणाले, “ये भी नहीं चलेगी. बेटा, ये भी तू ले जा.”

निघताना त्यांनी आम्हाला थांबवलं. पेन आणलं आणि मशीन उलटं करून माझ्यापुढे ठेवलं.

“ये लेबल मेरा लिखा है. गलत है. काट, और कारण लिख. अपने हाथ से. बाकी कहाँ हैं?”

“नीचे गाड़ी में, अंकल,” रेणुका म्हणाली.

“सब ला.”

ती दोन फेऱ्या करून सगळी घेऊन आली. मी खोक्यावर बसून लिहायला लागलो. सरांची ओळ खोडायची, खाली लिहायची. *बीस नंबर के पाँव पर नेलपॉलिश. मैंने लगाई. – शिंगटे.* सर शेजारी उभे राहून वाचत होते, परीक्षेच्या वर्गात उभे राहायचे तसे. पाच लेबलं झाली. सहाव्या मशीनपाशी मी थांबलो.

“सर, ये साफ करने के बाद भी नहीं चली. क्यों, पता नहीं. उम्र होगी. नमी होगी. या शायद...”

“पता नहीं ना?”

“नहीं.”

“तो लिख, पता नहीं.”

मी लिहिलं.

सर आता ब्रॅम्प्टनला असतात. हे लिहिण्याआधी मी त्यांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, लिख, पर मेरा नाम बदल दे, और मेरी सप्लाई का रंग सही लिखना. हिरवा. रेणुकाकडे रविवारी सकाळी एयरोसिटीत पाच मशीन चालतात, नॉलेज सिटीतल्या कॉलेजांची दोन-चार मुलं येतात, त्यांच्या बरोबरीने मीही जातो. ती मला परत काका म्हणायला लागलीय. सहावं मशीन अजून माझ्या टेबलावर उघडं आहे.

नवीन लागलेल्या इंजिनियरांना एवढंच सांगेन. कारणाच्या रकान्यात जे माहीत आहे ते लिहावं. नसेल माहीत तर पता नहीं लिहावं, बोर्ड तेवढ्यावरही सही करतं. मी नंतर बाकी फॉर्मांवर लिहून पाहिलंय.